काट्यापाशी तू स्वतः उभी राहा

पोरी, अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आलीस, तासभर बसलीस, चहा निवून गेला तरी हात लावला नाहीस आणि मी तुला धड उत्तर न देताच वाटेला लावलं. तू फाटकातनं बाहेर पडलीस आणि मग मला सगळं सुचायला लागलं. फोन करणार होतो, पण फोनवर मी तापतो हे तुला ठाऊक आहे. म्हणून लिहितो.

तुझं म्हणणं मला कळलंय. संस्थेनं क्रीडाप्रमुख व्हायला सांगितलंय, सतरा हायस्कूलं, ऑफिसात टेबल, आणि इकडं तुझ्या अकरा पोरी कुस्तीच्या आखाड्यात. घेऊ का नको घेऊ. "सर, मी फायलींत मरून जाईन" म्हणालीस. तू चांगली कोच आहेस, पोरी तुझ्यावर जीव टाकतात, हे मी परत सांगत बसणार नाही, ते तुलाही माहीत आहे आणि त्यानं काही ठरतही नाही. मी सरळ मुद्द्यावर येतो. खुर्ची घे. पण स्पर्धेला पोरांची वजनं घेतात त्या दिवशी वजनकाट्यापाशी तू स्वतः उभी राहा. दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. एवढंच सांगायचंय, बाकीचं पत्र याच्याच आजूबाजूचं आहे.

आणि एक. जाता जाता चप्पल घालताना तू एक वाक्य बोललीस, ते माझ्या डोक्यातनं जाईना झालंय. त्याच्याकडं शेवटी येतो.

मी १९८६ साली शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून लागलो. पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंगचा डिप्लोमा नंतर केला. पगार क्रीडाशिक्षकाचा आणि जीव वस्तादाचा, असं ते काम होतं. पहाटे पाचला पोरं आखाडा खणायची, मातीत ताक, लिंबू, तेल, हळद घालून ती मऊ करायची, मग जोर-बैठका, मग लढती, आणि साडेदहाला हीच पोरं वर्गात पेंगायची आणि गणिताचे सर मला शिव्या घालायचे. एकोणीस वर्षं हे केलं. मग २००५ ला तुला आत्ता जी देतायत तीच खुर्ची मला दिली. मलाही वाटलं होतं की संपलो. संपलो नाही, पण बदललो, आणि कुठं बदललो ते तुला कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगतो.

ह्या खुर्चीचं काम म्हणजे काय ते आधी ऐक. ऑगस्ट आला की तालुक्याच्या शालेय स्पर्धा, मग जिल्हा, विभाग, राज्य, आणि तिथनं निवडलेली पोरं राष्ट्रीयला. चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालचे गट. प्रत्येक पोराचा जन्मदाखला, बोनाफाईड, फोटो, मुख्याध्यापकाची सही, आणि एक शाळा तरी हमखास शेवटच्या दिवशी रात्री अकराला फोन करणार की सर आमची यादी राहिली. पंचांचं मानधन, पोरांचा नाष्टा, एसटीचं पत्र, मॅट कुठनं आणायचं, कव्हर फाटलंय ते कोण शिवून देणार, डॉक्टर येणार का नाही, उद्घाटनाला कोण, व्यासपीठावर कुणाचं नाव आधी आणि कुणाचं मागं, आणि हे सगळं झालं की बिलं, आणि बिलांवर शेरे. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत आहे, त्याचा मुलगा तिथं हायस्कूलला कुस्ती खेळतो. त्या पोराचा कोच आता शाळेचा ॲथलेटिक डायरेक्टर झालाय म्हणे. तिकडं ही वाट नेहमीचीच आहे, बरीच वर्षं कोच असतात आणि मग बस, वेळापत्रक, रेफरी, कुठल्या पोराला किती मार्क आहेत म्हणून खेळता येईल का नाही, हे सगळं त्यांच्या गळ्यात येतं. तो मला विचारत होता, सर तुमचंही असंच होतं ना. म्हटलं असंच रे, फक्त आमच्याकडं बसच्या जागी ट्रॅक्टरची ट्रॉली.

ह्या सगळ्या कामात एक काम असं आहे की जे कुणालाही सांगता येतं. वजन घेणं. कुस्ती वजनगटात होते, गटापेक्षा जास्त भरलं की पोरगं बाद. काटा ठेवायचा, पोरगं उभं राहतं, आकडा दिसतो, लिहायचा. कारकून करेल, शिपाई करेल, नवीन लागलेला शिक्षक करेल. म्हणून प्रत्येक क्रीडाप्रमुख पहिल्यांदा हेच काम सोडतो. मीही सोडायला लागलो होतो.

आता मला सांग, काट्यावर काय दिसतं? आकडा दिसतो हे तर कुणीही सांगेल. मी तुला काय दिसतं ते सांगतो. पोरगं रांगेत उभं असतं तेव्हा त्याच्या ओठांच्या कडेला थुंकी वाळून पांढरी झालेली असते, कारण वजन उतरवायला ते रात्रभर तोंडात चिंच धरून बाटलीत थुंकतंय. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडलीस तर ती लगेच खाली बसत नाही, उभी राहते. डोळे खोल. बनियनला घामाचा नाही, प्लॅस्टिकचा वास येतो, कारण युरियाच्या पोत्याच्या आतली पिशवी अंगात घालून वर स्वेटर चढवून ते पहाटे पळून आलंय. आणि ह्याच्या उलट दुसरं पोरगं, पोट टम्म, दोन लिटर पाणी पिऊन आलेलं, कारण त्याला खालच्या गटात जागा नाही म्हणून वरच्यात घातलंय. एखादं चवड्यावर उभं राहतं, एखाद्याचा दोस्त मागनं भिंतीला टेकल्यासारखं करून त्याला उचलून धरतो. दाखल्यावर सोळा वर्षं आणि दाढी कालच केलेली, हेही काट्यापाशीच दिसतं, ऑफिसातल्या दाखल्यावर दिसत नाही. हे आकड्यात येत नाही. तिथं उभं राहिलं तरच येतं, आणि उभं राहणारा माणूस कुस्ती खेळलेला असला तरच येतं.

तू खेळलीयस. राज्यापर्यंत खेळलीयस. मग तू टेबलापाशी बसून मानधनाची पाकिटं मोजत असशील आणि काट्यापाशी कुणीतरी आकडे लिहीत असेल तर तुझ्या खेळण्याचा उपयोग काय?

मी हे कुठं शिकलो तेही ऐक, कारण मी जन्माला येताना शिकून आलो नव्हतो. १९९१ ला माझ्या एका पोराला मी स्वतः साडेतीन किलो उतरवायला लावले. मी वस्ताद, त्यानं ऐकलं. सहा दिवस निम्मं जेवण, शेवटचे दोन दिवस पाणीसुद्धा घोट घोट. वजन भरलं. पहिली कुस्ती त्यानं दुहेरी पट काढून मिनिटात चितपट केली, मी ओरडलो आनंदानं. दुसऱ्या कुस्तीत खडाखडीतच ते पोरगं खाली बसलं. कुणी डाव टाकला नाही, काही नाही, बसलं आणि आडवं झालं. तीन दिवस सलाईनवर होतं. त्याची आई दवाखान्यात आली, मला एक शब्द वाईट बोलली नाही. एवढंच म्हणाली, "गुरुजी, तो घरी म्हणायचा भूक लागत नाही. मला वाटलं तुमच्याकडं जेवतोय." मी आजपर्यंत ते वाक्य विसरलो नाही.

पोरगं बरं झालं. त्याला दोन लेकरं आहेत आता. पण मी त्यानंतर वजन उतरवणं हा विषय वाचायला लागलो, जे मिळेल ते. १९९७ ला अमेरिकेत तीन कॉलेजचे पैलवान महिना-सव्वा महिन्यात वजन उतरवता उतरवता मेले. रबरी सूट घालून, गरम खोलीत सायकल मारून. तरणीताठी पोरं. त्यानंतर तिकडं कॉलेजांनी नियम बदलले, रबरी सूट बंद, सॉना बंद, वजन लढतीच्या तोंडावर घ्यायचं म्हणजे मधे परत पाणी भरायला वेळच नको. पुढं २००६ पासून त्यांच्या हायस्कूलनाही नियम आला. सीझनच्या आधी लघवी तपासायची, पोरगं पाण्याला नीट आहे का बघायचं, मग अंगातली चरबी मोजायची, आणि मुलांना ७ टक्के, मुलींना १२ टक्के, याच्या खाली जाईल असा गट घेऊच द्यायचा नाही. आठवड्याला अंगाच्या वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त उतरवायचं नाही. पन्नास किलोचं पोरगं असेल तर हिशोब कर, पाऊण किलो. आणि आम्ही सहा दिवसांत साडेतीन किलो उतरवत होतो!

आपल्याकडं शाळेच्या पातळीवर असलं कुठलं मशीन येणार आणि कोण मोजणार? मशीन नाही म्हणून तर मी म्हणतोय, तू उभी राहा. तेवढंच मशीन आहे आपल्याकडं.

आता २००८. हे तू कुणाकडनं तरी ऐकलं असणार, आणि माझ्याविरुद्धच ऐकलं असणार. जिल्ह्याची निवड होती, ५० किलो गट, आमच्याच संस्थेचं पोरगं, आणि त्याच्या घरचं माणूस संस्थेच्या कमिटीत. पोरगं ५० किलो ३०० ग्रॅम भरलं. काटा मी सकाळीच तपासला होता. माझी सवय होती, रेशन दुकानातनं शिक्का मारलेलं २० किलोचं लोखंडी वजन आदल्या दिवशी आणून ठेवायचो आणि काटा लावला की पहिलं ते वजन काट्यावर, मग पोरं. काटा बरोबर होता. वेळ संपली. मी बाद लिहिलं. मागनं कोण म्हणालं सर लंगोटाचं वजन धरा, कोण म्हणालं तीनशे ग्रॅम म्हणजे काय, एक पेला पाणी. एक जण कानात येऊन म्हणाला, तुमचीच शाळा आहे हो. मी बाद लिहिलं ते खोडलं नाही. त्या वर्षी ते पोरगं बारावीला होतं. राज्यापर्यंत गेलं असतं तर ग्रेसचे मार्क मिळाले असते, पुढं खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणात कदाचित पोलिसात लागलं असतं. आज त्याचं पोल्ट्रीचं शेड आहे. बाजारात दिसतो, मान फिरवतो.

मी चूक नव्हतो. माझी वेतनश्रेणीची फाईल त्यानंतर चार वर्षं कुठं फिरत होती ते मला माहीत आहे आणि मी कधी विचारायला गेलो नाही. लोक म्हणाले ह्याला अधिकार दाखवायची हौस आहे, ह्याचा कुणावर विश्वास नाही म्हणून हा स्वतः काट्याशेजारी गस्त घालतो. म्हणू देत. त्या रांगेत मागं उभ्या असलेल्या पोरांत एक खेड्यातलं पोरगं होतं, ४९ किलो ८०० ग्रॅम, ज्यानं महिनाभर शिस्तीत खाऊन वजन राखलं होतं आणि ज्याचं कमिटीत कुणी नव्हतं. त्यानं माझ्याकडं बघितलं होतं, मी खोडतो का नाही ते. मी त्याच्यासाठी उभा होतो. हे मी त्या कमिटीतल्या माणसालाही सांगितलं असतं, त्यानं विचारलं असतं तर.

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट १०० ग्रॅमला बाद झाली, त्या दिवशी मला सकाळपासनं फोन. ज्यांनी दहा-पंधरा वर्षं फोन केला नव्हता त्यांनीही केला. आदल्या दिवशी तीन कुस्त्या जिंकून फायनलला गेलेली पोरगी, दुसऱ्या दिवशी सकाळचं वजन, ५० किलोचा गट, १०० ग्रॅम जास्त. अख्खा देश रडला, मीही रडलो. पण फोन करणारे सगळे एकच विचारत होते, सर तुम्ही तिथं असता तर काय केलं असतं. मी म्हटलं मीही बादच लिहिलं असतं. २०१८ पासनं नियमच आहे, दोन्ही दिवस सकाळी वजन. आणि मग लोक मला त्याच स्पर्धेतला अमन सेहरावत सांगतात, रात्रीत साडेचार किलोच्या वर उतरवले आणि ब्राँझ आणलं, बघा जमतं की. अरे, तो एकवीस वर्षांचा गडी, त्याच्याभोवती कोच, रात्रभर जागं राहून एकेक तासाला वजन बघणारी माणसं. आणि तुम्ही ते उदाहरण घेऊन आठवीतल्या पोराला पोत्याच्या पिशवीत घालून पळवणार? मला याचा इतका राग येतो की काय सांगू.

असो. २००८ चं अजून एक सांगायचं राहिलं, आणि हे मी कुणाला बोललो नाही. बाद लिहिलं ते बरोबर. पण त्या पोराचं नाव ५० ला घातलं ते माझ्या सहीनं गेलं होतं. यादी आली, मी सही ठोकली. महिनाभर आधी मी त्याच्या शाळेत जाऊन त्याला एकदा काट्यावर उभं केलं असतं तर मला दिसलं असतं की हे पोरगं साडेत्रेपन्नासचं आहे, वाढतंय, ह्याला वरच्या गटात घाला. मी स्पर्धेच्या सकाळी काट्यापाशी उभा राहिलो, महिनाभर उभा राहिलो नाही. क्रीडाप्रमुख झालो होतो ना. तर काट्यापाशी उभं राहणं म्हणजे नुसतं स्पर्धेच्या दिवशी नव्हे, हे मला तेव्हा कळलं. जूनपासनं दर सोमवारी प्रत्येक शाळेत वजन, एका साध्या वहीत, तारीख घालून. आणि महिन्यातनं एकदा तू स्वतः त्या शाळेत, वही बघायला नाही, पोर बघायला. ही वही मी २००९ पासनं चालू केली आणि निवृत्त होईपर्यंत चालवली. माझ्यानंतर बंद पडली.

तू म्हणशील सर, एवढं महत्त्वाचं असेल तर मी कोचच राहते की, माझ्या अकरा पोरींना मी रोज काट्यावर उभी करते. बरोबर. पण ह्याचंच उत्तर मला रविवारी सुचलं नाही.

पैलवान खाशाबा जाधवांची गोष्ट तू शंभरदा ऐकलीयस. १९५२, हेलसिंकी ऑलिम्पिक, ब्राँझ. १५ जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, आला की आपण शाळाशाळांत त्यांचा फोटो लावतो. पण ती गोष्ट तू पैलवानाची म्हणून ऐकलीयस, मी तुला साहेबांची म्हणून सांगतो. जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं राहतं घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. खर्डेकर कोण? खुर्चीवरचा माणूस. आणि तिथं हेलसिंकीत काय झालं? एक लांबलेली कुस्ती झाली आणि लगेच त्यांना पुढच्या कुस्तीला बोलावलं, सोव्हिएतच्या मल्लाशी. मधे अर्धा तास विश्रांती मिळायला पाहिजे असा नियम होता. पण तो नियम पुढं करून भांडायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. दमलेले खाशाबा तसेच उभे राहिले आणि हरले. एक माणूस. घड्याळ दाखवून "थांबा" म्हणणारा एक माणूस मॅटच्या कडेला पाहिजे होता, तो नव्हता. गोळेश्वरचा पोरगा हेलसिंकीपर्यंत पोचला आणि अधिकारी मॅटपर्यंत पोचला नाही.

आपण पैलवान सगळे म्हणतो, साहेब लोकांना काय कळतंय. आणि साहेब व्हायची वेळ आली की म्हणतो नको बाबा, आपली माती बरी. मग साहेब कोण होणार? ज्याला कळत नाही तोच. आणि मग आपण परत म्हणायला मोकळे. मला ह्याची चीड येते पोरी, तुझीसुद्धा रविवारी आली होती, म्हणून मी गप्प बसलो.

आता खरं कारण. हे लिहायला मी दोन दिवस घेतले.

२०१७ ला मुलींच्या स्पर्धा आमच्याकडं होत्या. मुलींचं वजन वेगळ्या खोलीत, दाराला पडदा, आत बाईमाणूस, हे बरोबरच आहे, मीच तसं करायला लावलं होतं. आत एक शिक्षिका होत्या, चांगल्या होत्या, हिंदी शिकवायच्या. त्यांनी आकडे लिहिले, यादी बाहेर आणून दिली, अक्षर सुरेख. मी त्या यादीवर सही केली. ४३ किलो गटात एक पोरगी होती, आमच्याच एका शाळेची, तिची एकलंगी अशी बसायची की समोरची पोरगी गोल फिरून पडायची. बेचाळीस किलो नऊशे. पहिल्याच कुस्तीत ती मॅटवर नुसती उभी राहिली. समोरचीनं हात धरला तरी हिनं काही केलं नाही. हरली, बाहेर आली, पायरीवर बसली आणि उलटी झाली, नुसतं पाणी. तिच्या मैत्रिणीनं सांगितलं की दोन दिवस काही खाल्लेलं नाही. आणि मग अजून एक सांगितलं, मला नाही, माझ्या बायकोला, कारण ती त्या दिवशी जेवणाच्या व्यवस्थेला आली होती. की त्या पोरीची पाळी चार महिने आली नाही आणि ती खूश होती, त्रास वाचला म्हणून. तिच्या कोचला ठाऊक नव्हतं. कसं असणार, कोच पुरुष, तिचे केस, तिचे ओठ, तिची नखं बघायला त्याला काय कळणार. आणि मी तर पडद्याच्या बाहेर.

मी अख्खी कारकीर्द काट्यापाशी उभं राहण्यावर काढली आणि अर्ध्या पोरांच्या, म्हणजे पोरींच्या काट्यापाशी मला उभंच राहता आलं नाही. तो पडदा योग्य होता. पण पडद्याच्या आत कुस्ती खेळलेली बाई पाहिजे होती, आणि ती नव्हती, कारण आम्ही तशी बाई तयार केली नव्हती आणि जी एखादी होती तिला खुर्चीत बसवलं नव्हतं. ती पोरगी परत आखाड्यात आली नाही. बारावीनंतर लग्न झालं. मी तिच्या घरी एकदा गेलो होतो, तिनं चहा केला, कुस्तीचं नाव काढलं नाही, मीही नाही.

आता सांग, मी तुला खुर्ची घेऊ नकोस म्हणून कसं सांगू?

२०२३ ला दिल्लीत जंतरमंतरवर देशाला पदकं आणलेल्या पोरी फुटपाथवर बसल्या, कुस्ती संघटनेच्या अध्यक्षावरच लैंगिक छळाचा आरोप करून. त्याच वर्षी सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, आपल्या प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली, किती बरं वाटलं होतं. एकाच वर्षात दोन्ही. पोरी मॅटवर आल्यात, पण ऑफिसात, निवड समितीत, वजनाच्या खोलीत, गाडीत पुढच्या सीटवर त्यांचं कोण आहे? तू अकरा पोरींना सांभाळशील हे ठीकच आहे, पण सतरा शाळांतल्या पोरींची वजनाची यादी कुणाच्या सुरेख अक्षरात येणार ते आधी ठरव.

तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. आखाडा सुटतो. पहिले सहा महिने मी पहाटे पाचला उठून नुसता बसून राहायचो. अंगाला मातीचा वास येत नाही तेव्हा झोप लागत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. घरचंही सांगतो, लपवत नाही. माझ्या मुलीचा बारावीचा सत्कार होता आणि त्या दिवशी विभागाचं वजन होतं. मी वजनाला गेलो. तिनं अजून ते काढलंय, परवाच्या दिवाळीतसुद्धा. मी तिला म्हटलं तिथं एकशे ऐंशी पोरं होती, तिथंही कुणाची तरी मुलंच होती. ती म्हणाली बाबा, तिथं दुसरा कुणीतरी उभा राहिला असता. मला ते अजूनही पटत नाही, आणि तिचं चूक आहे असंही तोंडानं म्हणवत नाही. तू तुझं बघ. तुझं लेकरू लहान आहे. पण वजन सकाळी सहा ते आठ असतं, दिवसभर नसतं, आणि वर्षातनं असे पंधरा-वीस दिवस. तेवढे दिवस घरी आधीच सांगून ठेव, कॅलेंडरवर लाल पेननं खूण कर, सासूबाईंना दाखव. मी हे केलं नाही. मी फक्त निघून जायचो.

बाकीच्या कामांना माणसं मिळतात. बिलं लिहायला एक हुशार कारकून माग, तो मिळेपर्यंत सही करू नकोस. व्यासपीठावर कुणाचं नाव आधी हे मुख्याध्यापकांना ठरवू दे, त्यांना आवडतं. उद्घाटनाला तू नसलीस तर काही बिघडत नाही, नारळ कुणीही फोडतो. संस्थेला होकाराचं पत्र देशील त्यात एक ओळ घाल, साध्या शब्दांत, की वजनाच्या दिवशी सकाळी दहापर्यंत मला कुठल्याही मीटिंगला बोलवू नये. लेखी घाल. तोंडी घेतलंस तर पहिल्याच वर्षी मोडतील. कुरकुरतील, म्हणतील ही कसली अट. घालू दे त्यांना वाद. ही अट मान्य नसेल तर मात्र खुर्ची घेऊ नकोस, मग तुझ्या अकरा पोरी बऱ्या.

आणि आता ते वाक्य. चप्पल घालता घालता तू म्हणालीस, "एक पोरगी ४८-८०० आहे, तिला जिल्ह्याला ४६ ला घालायचंय, ४९ ला त्या दुसऱ्या शाळेची तगडी आहे ना, हिचा निभाव लागायचा नाही." सहज म्हणालीस. मी पण सहज मान हलवली, सवयीनं, आणि तू गेल्यावर गेटपाशी थांबून राहिलो. दोन किलो आठशे, पोरी. तेवीस दिवसांत. नववीतली पोरगी, वाढायचं वय. दीड टक्क्याचा हिशोब मघाशी लिहिलाय तो कर, आठवड्याला सव्वासातशे ग्रॅम होतात, तेवीस दिवसांत कसंही ओढलंस तरी बसत नाही, आणि तेही अंगात उतरवायला काही असेल तर. तिच्या अंगावर काय आहे उतरवायला? तू रोज बघतेस, तूच सांग.

तू तिचं वजन रोज घेतेस ना? मग तिच्या ओठांकडं बघितलंस का?

तिला ४९ ला घाल. हरली तर हरली, तगडीशी लढून हरेल, पुढच्या वर्षी तीच तगडी हिला घाबरेल. यादी जायला अजून अवकाश आहे, गट बदलता येतो, अर्ज मी सांगतो कसा करायचा. तिच्या आईला आजच फोन कर, उद्या नको. विचार की पोरगी घरी जेवते का. आणि आई "ती तुमच्याकडं जेवते ना" असं म्हणाली तर मला लगेच कळव, कितीही वाजले असले तरी.

तुझा,
सर